लेकरांचा धर्म आणि भीतीचे शिक्षण



आजचा विषय मुख्यतः अमेरिकेतील आहे. तेथील इव्हँजेलिकल ख्रिस्ती समाजात लहान मुलांना धर्म कसा शिकवला जातो, त्यासाठी कोणती साधने वापरली जातात आणि त्यातून मुलाच्या मनावर काय परिणाम होतात, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु माणसाला एखाद्या गोष्टीत सामील करून घेणे म्हणजे काय, हे गेली तीस वर्षे मी रोज पाहतो आहे. पटून आलेला सभासद कोणता आणि भिऊन आलेला कोणता, हे ओळखणे हा आमच्या कामाचा पहिला धडा. त्याच नजरेने मी ह्या विषयावरचे वाचन केले, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रारंभी दोन खुलासे केले पाहिजेत. आईबापांनी आपला धर्म मुलांना सांगावा, ह्यात वावगे काही नाही. घरात जी भाषा बोलतात ती मूल बोलू लागते, घरात जे शिजते ते त्याला आवडू लागते. घरातला देवही त्याच वाटेने त्याच्याकडे येतो. ह्याला आपण संस्कार म्हणतो. मनाचा ताबा ही त्याहून निराळी वस्तू आहे. संस्कार झालेले मूल प्रश्न विचारते, कधी वाकडे उत्तर देते, आणि तरी घरातलेच राहते. ताबा घ्यायचा असेल तर प्रश्न विचारणे हेच पाप ठरवावे लागते. दुसरा खुलासा असा, की आपल्याकडील ख्रिस्ती बांधवांना उद्देशून हे व्याख्यान नाही. ख्रिस्ती धर्मात पंथ अनेक आहेत, आणि अमेरिकेतले इव्हँजेलिकल लोकही सगळे एका साच्यातले नाहीत. पुढे ज्या चाली मी सांगणार आहे त्या त्यांच्यातील काही मंडळ्यांच्या आणि काही संस्थांच्या आहेत. त्या निवडण्याचे कारण एवढेच, की तेथे हे काम फार पद्धतशीर चालते, आणि त्याची नोंद पुस्तकांतून, चित्रपटांतून व न्यायालयांच्या निकालांतून झालेली आहे.

इव्हँजेलिकल म्हणजे कोण?

हा शब्द मूळच्या ग्रीक शब्दावरून आला. त्याचा अर्थ शुभवर्तमान, म्हणजे येशूची सुवार्ता. डेव्हिड बेबिंग्टन ह्या इतिहासकाराने १९८९ साली ह्या लोकांच्या चार खुणा सांगितल्या. बायबलचा शब्द अखेरचा मानणे. क्रुसावरील येशूचे बलिदान हाच तारणाचा आधार मानणे. प्रत्येकाने स्वतः मनाने पालटून 'नवा जन्म' घेतला पाहिजे असे मानणे. आणि ही सुवार्ता दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी झटणे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे अमेरिकेतील प्रौढांपैकी सुमारे २३ टक्के लोक इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट आहेत. २००७ साली हेच प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास होते.

ह्या चार खुणांपैकी तिसरी आपल्या विषयाचे मूळ आहे. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मला म्हणून कोणी ख्रिस्ती होत नाही. ज्याने त्याने स्वतः निर्णय केला पाहिजे, असे हे लोक म्हणतात. कल्पना मुळात मोठी उदार आहे. जन्माने धर्म ठरत नाही, मनाने ठरतो, हे ऐकून आपल्याकडच्या कोणत्याही सुधारकाने मान डोलावली असती. परंतु ह्याच्या जोडीला दुसरी एक समजूत आहे. ज्याने निर्णय केला नाही तो मेल्यावर सार्वकालिक नरकात जातो, आणि मरण तर उद्याही येऊ शकते. जाणते वय येण्यापूर्वीच मेलेल्या मुलाला देव क्षमा करतो, असे ह्यांतील पुष्कळ लोक मानतात. पण ते वय नेमके कोणते हे कोणी सांगू शकत नाही. मग चार-पाच वर्षांच्या लेकराचीही घाई होते. स्वखुशीच्या निर्णयाला एवढे महत्त्व देणारा हा पंथ त्या निर्णयाची वाट पाहायला मात्र तयार नसतो. प्रचारकांच्या परिभाषेत चार ते चौदा ह्या वयाला 'खिडकी' म्हणतात. खिडकी उघडी आहे तोवर आत शिरा, नंतर ती लागून जाते, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडच्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सभासदाचे वय कमीत कमी पंधरा ठरवले होते. दरमहा दोन-पाच रुपये वर्गणीची पावती फाडायला पंधरा वर्षे पुरी व्हावी लागत. येथे तर अनंतकाळाचा करार पाचव्या वर्षी करून घेतला जातो.

रविवारच्या शाळेचा इतिहास

ह्या शिकवणीची सुरुवात कोठे झाली हे पाहिले, की कामगार चळवळीशी तिचे जुने नाते लक्षात येते. इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरात टाचण्या तयार करण्याचा धंदा होता आणि त्यात लहान मुले राबत. आठवड्यातून रविवारी तेवढी सुट्टी. १७८० साली रॉबर्ट रेक्स ह्या वृत्तपत्राच्या मालकाने ह्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली. अशा शाळा ह्यापूर्वीही कोठे कोठे निघाल्या होत्या. परंतु रेक्सने आपल्या पत्रातून त्यांचा प्रसार केला आणि थोड्या वर्षांत त्या देशभर पसरल्या. शिकवायचे पुस्तक बायबल. पण शिकायला मिळे ती अक्षरे. सहा दिवस राबणाऱ्या हजारो पोरांना वाचता येऊ लागले ते ह्या शाळांमुळे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा होईल. १८३४ साली डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधून शपथ घेतल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट उपदेशक होता. उभे राहून चार माणसांत बोलायला तो प्रार्थनामंदिरातच शिकला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जेबेझ बंटिंग ह्या मेथॉडिस्ट पुढाऱ्याने रविवारी मुलांना लिहायला शिकवण्यास विरोध केला. पवित्र दिवशी वाचन चालेल, लेखन नाही. ज्या मुलाला रविवारखेरीज दुसरा दिवस मोकळा नाही, त्याला ह्याचा अर्थ काय होतो? दुसऱ्याचे लिहिलेले वाच, स्वतःचे लिहू नकोस. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली. त्याची आई सुझॅना हिने १७३२ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात आपली बालसंगोपनाची रीत सांगितली आहे. लवकरात लवकर मुलाची इच्छाशक्ती जिंकून घ्या, हे तिचे मुख्य सूत्र. तिची मुले विद्वान निघाली, ती स्वतः कर्तबगार बाई होती. पण तिचे सूत्र पुढे अनेक पिढ्यांनी उचलले, आणि सगळ्यांच्या घरी वेस्ली जन्मले नाहीत.

साधने

आज हे काम कसे चालते त्याची चार-पाच उदाहरणे पाहू.

पहिले साधन म्हणजे शब्दांवाचूनचे पुस्तक. इंग्लंडचा प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन ह्याने १८६६ साली ह्याची कल्पना मांडली. पुस्तकात अक्षर नाही, चित्र नाही. नुसती रंगीत पाने. काळे पान म्हणजे तुझे पाप, तांबडे म्हणजे येशूचे रक्त, पांढरे म्हणजे धुतलेले मन. पुढे सोनेरी पान स्वर्गासाठी आणि हिरवे श्रद्धेच्या वाढीसाठी आले. वाचता न येणाऱ्या मुलालाही पाच मिनिटांत सांगता येईल अशी ही युक्ती आहे. मुलाचे चित्त कोठे गुंतते हे जाणणाऱ्या माणसाचे ते काम आहे, ह्यात शंका नाही. परंतु पहिला धडा पाहा: तुझे अंतःकरण काळे आहे. पाच वर्षांचे मूल ह्याला उपमा समजत नाही. ज्याँ पियाजे ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ह्या वयात मूल शब्द जसाच्या तसा घेते. अमूर्त विचार करण्याची शक्ती अकरा-बारा वर्षांपुढे येते. मोठा माणूस 'पापाने काळे झालेले मन' ऐकतो आणि पुढे जातो. लहान मूल रात्री अंथरुणात छातीवर हात ठेवून आतले काळे शोधते.

ह्याच पुस्तकाचा मोठा वापर करणारी 'चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप' ही संस्था १९३७ साली जेसी ओव्हरहोल्ट्झर ह्यांनी स्थापन केली. सरकारी प्राथमिक शाळा सुटली, की त्याच इमारतीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हिचे 'गुड न्यूज क्लब' भरतात: गाणी, खेळ, खाऊ आणि धडा. न्यूयॉर्क राज्यातील मिलफर्ड येथील शाळेने जागा नाकारली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ साली सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल झाला, की इतर मंडळांना जागा देता तर ह्यांना नाकारता येणार नाही. तसे करणे भाषणस्वातंत्र्याविरुद्ध होईल. पालकांची संमती लागते, हे सांगितले पाहिजे. पण ज्या वर्गात सकाळी गणित शिकलो त्याच वर्गात दुपारी नरकाविषयी ऐकले, तर गणित बाईंचे आणि नरक पाहुण्यांचा, हा भेद सहा वर्षांच्या मुलाने कसा करावा?

दुसरे साधन पाठांतर आणि बिल्ले. शिकागोत १९५० साली सुरू झालेली 'अवाना' ही संस्था आज अनेक देशांत आहे. तिचे नाव बायबलातील एका वचनाच्या आद्याक्षरांवरून केलेले आहे, आणि गंमत अशी, की त्यात 'कामकरी' हा शब्द आहे: पसंतीस उतरलेला, लाज वाटण्याचे कारण नसलेला कामकरी. मुलांना गणवेश असतो. वचने पाठ केली, की बिल्ला मिळतो. पाठांतराला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही; तुकोबांचे अभंग आमच्या वस्तीतल्या निरक्षर म्हाताऱ्यांना पाठच होते, आणि आयुष्यभर त्यांना त्याचा आधार होता. फरक पडतो तो बक्षिसामुळे. जितकी वचने तितके बिल्ले, ही पीसरेटची रीत झाली. आणि पीसरेटवरचा कामगार मालाचा विचार करीत नाही, नगांचा करतो.

तिसरे साधन म्हणजे वेगळी शाळा. टेक्सासमध्ये १९७० साली 'अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' नावाची पद्धत निघाली. तिचे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा कारखान्याचेच वर्णन वाचतो आहे असे वाटले. प्रत्येक मूल भिंतीकडे तोंड करून स्वतंत्र कप्प्यात बसते. त्या कप्प्याला 'ऑफिस' म्हणतात. दोन्ही बाजूंना फळ्या, म्हणजे शेजारचे मूल दिसू नये. शिक्षक नाहीत, 'सुपरवायझर' आहेत. एका विषयाच्या वर्षाला बारा पुस्तिका. त्या मुलाने एकट्याने सोडवायच्या आणि रिकाम्या जागा भरायच्या. अडचण आली तर कप्प्यावर छोटे निशाण उभारायचे आणि सुपरवायझर येईपर्यंत थांबायचे. गणितापासून इतिहासापर्यंत प्रत्येक विषयात धर्मवचने गुंफलेली असतात. जीवशास्त्राच्या एका पुस्तिकेत तर स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातील तथाकथित राक्षसी प्राणी हा उत्क्रांतिवादाविरुद्ध पुरावा म्हणून छापला होता. माझ्या मते ह्या चुकीपेक्षा त्या फळ्या अधिक वाईट. चूक पुढे कधी दुरुस्त होते. शेजाऱ्याशी वाद घालायची सवय लहानपणी लागली नाही, तर ती पुढे कोठून आणायची?

चौथे साधन शिबिर. नॉर्थ डकोटा राज्यातील डेव्हिल्स लेक येथे भरणाऱ्या एका शिबिराचे चित्रण हायडी युइंग व रेचेल ग्रेडी ह्यांच्या 'जीझस कँप' ह्या २००६ सालच्या अनुबोधपटात आहे. आठ-दहा वर्षांची मुले त्यात ढसाढसा रडत पापांची कबुली देतात. 'सरकार' असे लिहिलेले पेले हातोडीने फोडतात. राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमेकडे हात पसरून प्रार्थना करतात. शिबिर चालवणाऱ्या बाई काही लपवत नाहीत. दुसऱ्या धर्माचे लोक आपली मुले लहानपणापासून घडवतात, मग आम्ही का घडवू नयेत, असा त्यांचा सरळ सवाल आहे. चित्रपटावर एवढे काहूर उठले, की ते शिबिर तेथे पुन्हा भरले नाही.

भीती

परंतु ह्या सर्वांहून खोल जाणारे साधन भीती हे आहे, आणि त्यावर थोडे अधिक बोलले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी ह्या उपदेशकाने एक शिकवण पसरवली. एक दिवस येशू अचानक येईल आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना जिवंतपणीच आकाशात उचलून नेईल. मागे राहतील त्यांच्या वाट्याला भयंकर हाल येतील. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसह बायबलामुळे ही शिकवण अमेरिकेत घरोघर पोचली. १९७२ साली 'अ थीफ इन द नाइट' हा चित्रपट निघाला आणि प्रार्थनामंदिरांच्या सभागृहांतून वर्षानुवर्षे मुलांना दाखवला गेला. त्यातली तरुण बाई सकाळी उठते, तो नवरा नाहीसा झालेला. दाढीचे विजेचे यंत्र तेवढे न्हाणीघरात घरघरते आहे. १९९५ पासून ह्याच विषयावर 'लेफ्ट बिहाइंड' ही कादंबरीमाला आली, आणि १९९८ पासून तिचीच मुलांसाठी वेगळी माला. तिची चाळीस पुस्तके निघाली.

मोठा माणूस हे वाचून मनोरंजन करून घेईल. मुलाचे काय होते? ह्या समाजात वाढलेल्या पुष्कळ लोकांनी मोठेपणी एकच अनुभव पुन्हा पुन्हा सांगितला आहे. शाळेतून घरी यावे, आईला हाक मारावी, उत्तर येऊ नये. चुलीवर भांडे आहे, दार उघडे आहे, माणूस नाही. आई शेजारी गेलेली असते किंवा मागच्या अंगणात कपडे वाळत घालीत असते. पण त्या मुलाला वाटते, की तो दिवस आला. आईला नेले, मला ठेवले. कारण माझ्या मनात पाप होते. ते मूल घरभर धावते, रडते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा एकदा येशूला हृदयात बोलावते. पूर्वी वीस वेळा बोलावलेले असते. पण ते लागू झाले की नाही ह्याची खात्री त्याला कोण देणार?

आईबापांवर विसंबून राहणे हा मुलाचा सर्वांत मोठा ठेवा. 'तू चुकलास तर आई तुला सोडून जाईल, आणि तसे देवच करील' असे शिकवणे म्हणजे त्या ठेव्यालाच हात घालणे आहे. कामगाराला नोकरीची भीती घालतात तेव्हा त्याला निदान घरी जाता येते. मुलाला दुसरे घर नसते.

भीतीच्या जोडीला छडी आहे. जेम्स डॉब्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेल्या पुस्तकाने इव्हँजेलिकल आईबापांच्या एका पिढीला मार हे प्रेमाचे कर्तव्य आहे असे सांगितले. त्याने निदान मर्यादा तरी घातल्या होत्या. मायकेल पर्ल व त्याची पत्नी ह्यांचे १९९४ चे पुस्तक अगदी तान्ह्या वयापासून छडीने वळण लावा असे सांगते. २०१० आणि २०११ साली दोन दत्तक मुली घरच्या छळाने मेल्या. त्या दोन्ही घरांत हे पुस्तक होते असे तपासात निघाले. लेखकाने आपली जबाबदारी नाकारली. असे पुस्तक वाचणारे सगळे क्रूर होत नाहीत, हे खरेच. पण मुलाची इच्छा मोडणे हेच पुण्य मानले, तर कोठे थांबायचे हे सांगणारी रेघ उरत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

अमेरिकेत ह्यावर शंभर वर्षे झगडा चालू आहे. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी जॉन स्कोप्स ह्या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला झाला आणि त्याला दंड झाला. वरच्या न्यायालयाने तांत्रिक कारणावरून तो रद्द केला, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. १९६२ व १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना आणि बायबलवाचन बंद केले. तेव्हापासून अनेक पालकांनी मुले काढून घेतली. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या व गोऱ्या मुलांनी एकत्र शिकावे असा निकाल १९५४ साली झाला होता, आणि खाजगी 'ख्रिस्ती शाळा' निघण्यामागे तेही एक कारण होते, हे विसरता येत नाही. पुढे घरीच शिकवण्याची चळवळ आली. १९९३ पर्यंत ती सर्व ५० राज्यांत कायदेशीर झाली. घरी शिकवणारे सगळे धार्मिक नसतात, आणि पुष्कळ मुले घरी उत्तम शिकतात. परंतु काही राज्यांत मूल शाळेत जात नाही एवढे कळवण्याचेही बंधन पालकावर नाही. अशा घरात काय चालले आहे हे बाहेर कोणाला कळावे कसे?

१९७२ साली आमिश पंथाचा खटला गाजला. हे लोक इव्हँजेलिकल नव्हेत. पण प्रश्न तोच. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा आईबापांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी आपल्या वेगळ्या मतपत्रिकेत एक साधी गोष्ट विचारली: ह्या मुलांना स्वतःला काय हवे, हे कोणी विचारले आहे काय? १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील चौदावे कलम हाच धागा धरते. विचार, विवेक व धर्म यांचे स्वातंत्र्य मुलालाही आहे, आणि आईबापांनी त्याला वाट दाखवावी ती त्याच्या वाढत्या समजेला धरून. भारत ह्या करारात १९९२ साली सामील झाला. अमेरिकेने १९९५ साली सही केली, पण मान्यता अद्याप दिलेली नाही.

आपल्या इतिहासातही हा प्रश्न एकदा उभा राहिला होता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, हाही मिशनऱ्यांकडे राहिला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने तो वडिलांच्या हवाली केला. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही ह्यावर शास्त्रीमंडळींत रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली. मिशनरी, न्यायाधीश, शास्त्री, सगळे भांडले. आणि भांडण मुख्यतः मुलगा कोणाचा ह्याचेच होते. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने सरकारमान्य वा अनुदानित शाळेत संमतीवाचून धर्मशिक्षण देण्यास बंदी केली आहे. मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. म्हणजे शाळेचा बंदोबस्त कायद्याने केला. घराचा बंदोबस्त कायदा करू शकत नाही, आणि करूही नये.

दुसरी बाजू

आता ह्या आईबापांची बाजूही ऐकली पाहिजे. नाहीतर हे एकतर्फी खटल्यासारखे होईल. ज्या आईला मनापासून वाटते, की आपले मूल नरकात जळेल, तिने स्वस्थ कसे बसावे? विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या पोराला आपण ओढून घेतो, तेव्हा त्याची संमती विचारीत बसत नाही. ह्या बायामाणसांचे प्रेम खरे आहे. शिवाय ह्या मंडळ्या माणसाला पुष्कळ देतात. नोकरी गेली, की शेजारी जेवण आणून देतात; आजाऱ्याजवळ रात्रभर बसतात; परक्या गावात पहिल्या रविवारी चार हात पुढे येतात. आमच्या कित्येक युनियनांना हे जमत नाही. तेथे वाढलेली कितीतरी मुले आनंदाने त्याच श्रद्धेत राहतात आणि चांगली माणसे होतात.

परंतु आज्ञा पाळण्याची सवय लहानपणी लागली, की पुढे तिचा लगाम कोणाच्या हाती जातो हेही पाहावे लागते. नॉर्थ कॅरोलायनातील गॅस्टोनिया येथे १९२९ साली लोरे कापड गिरणीत मोठा संप झाला. लिस्टन पोप ह्या विद्वानाने १९४२ साली त्यावर पुस्तक लिहिले. गिरणीमालक गिरणीवस्तीतील प्रार्थनामंदिरांना आणि उपदेशकांच्या पगारांना पैसा पुरवीत, आणि संपाच्या वेळी उपदेशक मालकाच्या बाजूला उभे राहिले, हे त्याने पुराव्यानिशी मांडले. उलट अमेरिकेतल्या कामगारांची कितीतरी गाणी जुन्या भक्तिगीतांच्या चालींवर रचलेली आहेत. तीच चाल, तेच लहानपणचे संस्कार. एकाला त्यांनी मान खाली घालायला शिकवले, दुसऱ्याला मान वर करायला. म्हणून दोष मी श्रद्धेला देत नाही. प्रश्न विचारायची मोकळीक त्या मुलाला होती की नाही, एवढेच मी पाहतो.

आणि मोकळीक नसेल तर त्याची किंमत शेवटी आईबापच भरतात. अलीकडच्या वर्षांत ह्या समाजातून बाहेर पडलेली तरुण मंडळी उघडपणे लिहू-बोलू लागली आहेत. काहींना अजून रात्री दचकून जाग येते. नरकावरचा विश्वास गेला, तरी नरकाची भीती राहिली. काहींचे मित्र, काम, लग्न सगळे त्या एकाच वर्तुळात होते, तेव्हा श्रद्धा सोडली म्हणजे गावच सोडल्यासारखे झाले. पुष्कळांचे आईबापांशी बोलणे तुटले. ज्या भयाने त्या आईने मुलाला जवळ ओढले, त्याच भयाने ते मूल दूर गेले.

तीन प्रश्न

मग कोणत्याही धर्माच्या, पंथाच्या, किंबहुना पक्षाच्या आणि युनियनच्या शिकवणीला लावता येईल असे माप कोणते? माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवले आहेत. मूल 'हे खरे कशावरून?' असे विचारू शकते काय, आणि विचारल्यावर त्याला उत्तर मिळते की शिक्षा? दुसरे, ह्याहून वेगळे मानणारी चांगली माणसे जगात आहेत, हे त्याला कळू दिले जाते काय? आणि तिसरे, उद्या मोठे होऊन त्याने 'मला हे पटत नाही' असे सांगितले, तर त्याचे ताट घरात राहील काय?

तिन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर असेल, तर त्या घराने मुलाला कोणताही धर्म शिकवावा. बाहेरच्याने त्यात बोलण्याचे कारण नाही. एकालाही 'नाही' असेल, तर तेथे शिकवणीचे नाव काहीही असो, मुलाच्या मनावर सक्ती चालली आहे असे मी समजेन. ह्यातला तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, आणि तो अमेरिकेतल्या घरांनाच विचारायचा आहे असे नाही. आपण येथे जमलेल्या प्रत्येकाने आज घरी जाऊन तो स्वतःला विचारावा. मूल समोर असताना विचारला तर अधिक बरे. आपल्या उत्तराकडे तेही लक्ष देऊन पाहत असेल.